सेटभाऊंची घरगुती ट्रायल

सेटभाऊंना एक खरं नाव होतं, पण ते बँकेच्या पासबुकाबाहेर फारसं पडत नसे. बाकी जग त्यांना सेटभाऊ म्हणे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कमावलेलं होतं. माणसाला एखाद्या शब्दाची सवय लागते; कुणी वाक्यागणिक 'ॲक्चुअली' म्हणतं, कुणी 'बरं का'. सेटभाऊंना 'सेट'ची लागली होती आणि ती सवयीच्या बरीच पुढे गेली होती. सकाळचा गजर ते सेट करत, तो सगळेच करतात. पण त्यांची नवी चप्पल पायाला सेट होई, पोट बिघडलं की पोट सेट नसे, आणि टीव्ही पातळ होऊन भिंतीवर गेला तरी त्यांच्या लेखी तो सेटच राहिला. शेजारच्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा पोरगा सेट झाला, आणि तोच पोरगा एका मुलीबरोबर दिसला तेव्हा "तिथंही सेटिंग दिसतंय," असं ते समाधानानं म्हणाले. एकदा सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "दही सेट झालं का?" बायकोनं हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"अहो, दही लागतं. सेट तुमचं प्लास्टर होतं."

"तेच ते."

"तेच ते नाही. उद्या मी गेले तर 'बायको सेट झाली' म्हणाल."

हे मात्र त्यांनी मनावर घेतलं आणि दोन-तीन दिवस जपून बोलले. मग घरी पाहुणे आले, कपाटातून चिनी मातीचा चहाचा सेट निघाला, आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

पोटापाण्यासाठी सेटभाऊ कवळ्या करत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन डबीत घालून पाठवत, आणि पुढचं सगळं काम एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, सेटभाऊंच्या लॅबमध्ये होई. लॅब म्हणजे एक लांबट खोली. सिंकजवळ प्लास्टरचं पिंप, खिडकीखाली टेबल, टेबलावर छोटी गॅसची शेगडी, मेण कोरायच्या सुऱ्या, आणि जबड्याची उघडझाप करून दाखवणारी एक पितळी बिजागरी. सेटभाऊ ठशात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढत, साच्यावर मेणाची पट्टी चढवत आणि त्या मेणात एकेक दात बसवत. दात तयार मिळत. पुढचे एका पट्टीवर, दाढा दुसऱ्या पट्टीवर. हे मेणातले दात मग डॉक्टरांकडे ट्रायलला जात. पेशंट ते घालून बघे, हसून बघे, बोलून बघे. तिथून होकार आला की मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरायचा, पितळी डब्यात घट्ट आवळून उकळायचा, मग घासायचा आणि चकचकीत करायचा. वरची आणि खालची मिळून एक सेट तयार.

म्हणजे बघा, ठसा तोंडात सेट होणार, प्लास्टर साच्यात सेट होणार, दात मेणात सेट करायचे, आणि शेवटी डबीतून जाणार तोही सेट. दिवसभर ज्या माणसाच्या कानावर हाच शब्द पडतो, त्यानं घरी येताना तो पायताणाबरोबर दारात काढून ठेवावा ही अपेक्षाच जरा जास्त होती.

या सगळ्या अर्थांमध्ये त्यांचा खरा लाडका अर्थ प्लास्टरचा. प्लास्टर कालवलं की थोडा वेळ ते तुमचं ऐकतं. वळवाल तसं वळतं, भराल तिथं भरतं. मग ते जरा गरम होतं, त्याची चमक जाते, आणि त्यानंतर ब्रह्मदेव उतरला तरी त्यात काडीचा बदल होत नाही. सेटभाऊंनी जगाकडे बघायची हीच रीत ठेवली होती. ऐकतंय तोवर आकार द्या, सेट झालं की हात लावू नका. लॅबमधून गेलेलं काम ते परत घेत नसत. एखाद्या डॉक्टरांचा फोन आला की पेशंट कुरकुर करतोय, तर यांचं उत्तर ठरलेलं असे. "पंधरा दिवस वापरू द्या. तोंडात सेट होईल." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा व्हायचंच. त्यामुळे या नियमावर त्यांचा फार विश्वास बसला होता.

आणखी एक गोष्ट होती, जी त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती. उभा जन्म त्यांनी लोकांच्या तोंडांसाठी राबण्यात घालवला, पण त्यातलं एकही तोंड बोलताना ऐकलेलं नव्हतं. ट्रायल व्हायची ती डॉक्टरांच्या खुर्चीत. सेटभाऊंकडे येणारी तोंडं प्लास्टरची, पांढरी, गप्प. त्यांच्या दृष्टीनं कवळी ही बघायची वस्तू होती.

'सेट' हा शब्द त्यांच्या आयुष्यात आला तो मात्र ताईच्या तोंडातून, आणि तोही तिचं तोंड बंद असताना.

ताई त्यांची थोरली बहीण. सेटभाऊ तेव्हा मिसरूड फुटलेले, एका उस्तादांच्या लॅबमध्ये नुकते चिकटलेले. नव्या माणसानं पहिला ठसा घरातल्याच कुणाचा तरी घ्यायचा, अशी उस्तादांकडे पद्धत होती. परक्याचं तोंड बिघडवण्यापेक्षा घरचं बिघडलेलं बरं, एवढा सरळ विचार. आईनं ऐकताच हात जोडले. वडिलांना विचारायची हिंमत कुणात नव्हती. राहिली ताई. ती "हं, आ करते, लवकर कर," म्हणत खुर्चीत बसली. त्या काळी ठसासुद्धा प्लास्टरचाच घेत, आणि प्लास्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ घालत. सेटभाऊंनी चमचाभर घातलं. मग काय, पुढचं सगळं ताईच्या तोंडात घडलं. प्लास्टर बघता बघता गरम झालं, दगड झालं आणि वरच्या दातांना धरून बसलं. ताईचे डोळे मोठे झाले. आई दारात उभी राहून एकीकडे देवाचं नाव घेत होती आणि दुसरीकडे पोराला शिव्या देत होती. शेवटी चमच्याच्या दांड्यानं टकटक करत त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढलं. तोंड मोकळं होताच ताई म्हणाली, "मेल्या, जन्मात माझ्याशी बोलू नकोस." आणि मग स्वतःच रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत होती.

सेटभाऊंनी ते तुकडे वर्तमानपत्रात बांधून लॅबमध्ये नेले, जोडले, त्यात प्लास्टर ओतलं. उस्तादांनी विचारलं, "सेट कधी झालं?" हे म्हणाले, "घालताक्षणी." उस्ताद हसून हसून खाली बसले. पण साचा उतरला होता झकास. ताईचे दात जसेच्या तसे. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एक शेजारच्यावर जरासा चढलेला, आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला बारीकशी फट. हा साचा सेटभाऊंनी टाकला नाही. पुढे स्वतःची लॅब झाली तेव्हा तो तिथं आला आणि खिडकीचं झडप आपटू नये म्हणून तिच्या फटीत बसला. तो तिथं इतकी वर्षं होता की सेटभाऊंना दिसायचा बंद झाला होता.

पुढे ताई सरकारी दवाखान्यात नोकरीला लागली. बाह्यरुग्ण विभागात एक काचेची खिडकी, तिच्यामागे एक माईक, आणि माईकमागे ताई. "नंबर सहासष्ट. खोली सात." दिवसभर हेच. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या हॉलमध्ये शंभर माणसं खोकत असतात, पोरं रडत असतात, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचं चित्त ठिकाणावर नसतं. ताईचा आवाज मोठा नव्हता, गोड तर अजिबात नव्हता. तो स्वच्छ होता. तिनं नंबर म्हटला की त्या नंबरचा माणूस उठायचा आणि त्या खोलीत जायचा, बस्स. "काय म्हणाल्या?" असं शेजाऱ्याला कुणी विचारत नसे. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. सेटभाऊंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिचं एका खोलीचं घर होतं, आणि रविवारचा चहा मात्र ती यांच्याकडे घेई. त्या चढलेल्या दातापायी लहानपणी तिला चिडवत, तेव्हापासून हसताना तिचा हात तोंडावर जायचा. माईकवर तो कधी जात नसे. तिथं तोंड कुणाला दिसत नव्हतं.

निवृत्तीला काही वर्षं उरलेली असताना ताईच्या हिरड्यांनी दगा दिला. दात एकेक करून हलायला लागले, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सगळे काढलेले बरे. या डॉक्टरीणबाई सेटभाऊंना काम देणाऱ्यांपैकीच. त्यांनी दात काढले, हिरड्या भरून आल्यावर ठसा घेतला, आणि मग सेटभाऊ त्यांना म्हणाले, "आता बाकी माझ्यावर सोडा. घरचंच तोंड आहे. ट्रायल मी घरी घेतो."

हे काम त्यांनी जीव ओतून केलं. सगळ्यात चांगले दात निवडले. पुढचे सहा दात मेणात बसवताना पट्टी लावून बसवावेत असे एका रेषेत बसवले. चढलेला दात नाही, फट नाही. पन्नास वर्षं जी गोष्ट ताईला खुपत होती ती आपल्या हातानं सरळ होतेय, या विचारानं त्यांना लॅबमध्ये एकट्यालाच हसू येत होतं.

रविवारी चहाच्या टेबलावर ट्रायल झाली. सेटभाऊंनी ताईच्या तोंडात मेणाची कवळी बसवली आणि समोर आरसा धरला. ताई आरशात बघून हसली. हात वर आला नाही. ती पुन्हा हसली, या बाजूनं, त्या बाजूनं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सेटभाऊंची बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "ताई, काहीतरी बोला ना. बघू कसं वाटतंय."

"बोलायचं नाही," सेटभाऊ घाईघाईनं म्हणाले. "मेण आहे ते. दात हलेल."

डॉक्टरांच्या खुर्चीत याच मेणात लोकांना बोलायला लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर एवढं सुंदर काम असणं वेगळं. त्यांनी आरसा जरा जवळ नेला आणि विचारलं, "सेट?"

तोंडात मेण असलेल्या माणसाला दुसरं काय करता येणार? ताईनं मान हलवली.

कवळी तयार झाली, ताई कामावर रुजू झाली. रविवारी येत होती, पण पूर्वीसारखी बोलत नव्हती. हूं, हो, बरं, एवढ्यावर भागवायची. चहात बिस्किट बुडवून गप्प खायची. बायको एकदा म्हणाली, "अहो, ताईंचं काहीतरी बिनसलंय." सेटभाऊंनी ते उडवून लावलं. नवी कवळी म्हणजे तोंडात पाहुणा आल्यासारखं वाटतं, थोडे दिवस जायचेच. तरी त्यांनी ताईला विचारलं, "कवळी कशी आहे?"

"सेट आहे," ताई म्हणाली.

त्यांना कोण आनंद झाला. आयुष्यभर या शब्दावरून टोमणे मारणारी ताई आज स्वतः तो शब्द वापरत होती. ही गोष्ट त्यांनी लॅबच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही सांगितली.

असेच काही आठवडे गेले. मग एक दिवस कवळ्यांच्या डब्या पोचवणारा माणूस आजारी पडला, आणि दवाखान्याच्या दंत विभागाचं काम द्यायला सेटभाऊ स्वतः निघाले. जाता जाता ताईला खिडकीतून हात करावा म्हणून ते मुद्दाम हॉलमधून गेले. हॉल नेहमीसारखा भरलेला होता, पण काहीतरी वेगळं होतं. माईकवरचा आवाज कुणा तरण्या मुलीचा होता. ती पळत सुटल्यासारखी नंबर म्हणत होती, आणि बाकांवर लोक एकमेकांना विचारत होते. "कितवा म्हणाली?" "चौसष्ट का पासष्ट?" खिडकीशी घोळका जमला होता. सेटभाऊंना वाटलं, ताई चहाला गेली असेल. त्यांनी खिडकीत विचारलं.

"त्या होय?" मुलगी म्हणाली. "त्या आता इथं नसतात. मागं, ड्रेसिंगच्या खोलीत."

मागची खोली लहान होती. पत्र्याच्या टेबलाशी बसून ताई जाळीदार सुती कापडाच्या पट्ट्या कापत होती आणि घड्या घालून डब्यात रचत होती. कवळी शेजारी डबीत होती. तिचे गाल आत गेले होते, आणि सेटभाऊंना पहिल्यांदाच वाटलं की आपली बहीण म्हातारी दिसते. त्यांना बघताच तिचा हात तोंडावर गेला. हसण्यासाठी नव्हे.

सेटभाऊंना फार वाईट वाटलं. डब्यांची पिशवी खाली ठेवावी हेही त्यांना सुचेना.

"घाल," ते म्हणाले. "घालून बोल बघू."

ताईनं कवळी घातली. चेहरा भरला, दात सुरेख दिसले. ती म्हणाली, "सहासष्ट." त्या एका शब्दात दोनदा शिट्टी वाजली.

"ऐकलंस? स म्हटला की हे असं. साठापासून सत्तरापर्यंत नुसती शिट्टीच वाजवते मी. पहिल्या दिवशी एक पोर हसलं. पोराचं काय एवढं? पण मग लोक खिडकीशी येऊन विचारायला लागले, बाई काय म्हणालात, बाई पुन्हा सांगा. असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं रे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू आरसा धरून उभा होतास. लहानपणी बक्षीस मिळाल्यावर हसायचास तसा हसत होतास. त्यात काय सांगू? आणि विचारलंस काय, तर 'सेट?' त्याला हो म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं. मधलं काही सांगायला जागाच नाही तुझ्या त्या शब्दात."

सेटभाऊंनी हातातली पिशवी आता कुठं खाली ठेवली.

"दात सुंदर केलेस," ताई जरा मऊ होऊन म्हणाली. "खोटं नाही सांगत. घरी आरशासमोर बसते मी घालून. फक्त बोलता येत नाही त्यात. मेट्रनबाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वाट बघू, नाहीतर माईकवर त्या पोरीची ऑर्डर काढावी लागेल. मला हे काम करायची लाज नाही वाटत. पण माझं सगळं आयुष्य त्या खिडकीत गेलंय. तिथं दुसरीचा आवाज मला ऐकवत नाही."

परत येताना सेटभाऊ चालतच आले. गजर, चप्पल, पोट, शेजारचा पोरगा, सगळ्यांना त्यांनी एकाच शब्दात बसवलं होतं, आणि त्यात त्यांना सोयही वाटत होती. ताईनं तोच शब्द त्यांच्या हातात ठेवला, आणि तो आतून रिकामा आहे हे त्यांना कळलंही नाही. तिनं दोन वाक्यं जास्त बोलावीत असा प्रश्न आपण विचारलाच नाही, हे त्यांना रस्ताभर टोचत राहिलं.

लॅबमध्ये येऊन ते टेबलाशी बसले. ताईची कवळी त्यांनी बरोबर आणली होती. नियमाप्रमाणे झालेल्या कामाला हात लावायचा नव्हता, आणि लावायचा म्हटलं तरी कुठून सुरुवात करायची? दात एका रेषेत आहेत म्हणून शिट्टी वाजते हे तर उघड होतं. ताईची जीभ पन्नास वर्षं त्या चढलेल्या दाताला टेकून स म्हणायला शिकली होती. आता तिला तिथं सपाट भिंत लागत होती. पण तो दात नेमका किती चढला होता? कोणत्या अंगानं? फट केवढी होती? ताईचा हसरा फोटो एकही नव्हता, सगळीकडे तोंडावर हात. त्यांनी डोळे मिटून आठवून बघितलं, तर आठवेना. रोज बघितलेलं तोंड, आणि आठवेना. तेवढ्यात वारा आला, खिडकीचं झडप हललं आणि जिथल्या तिथं अडलं.

सेटभाऊ उठले. झडपाच्या फटीतून त्यांनी तो साचा ओढून काढला. त्यावर धूळ होती, रंगाचे शिंतोडे होते, एका दाढेवर मेण सांडलेलं होतं. त्यांनी तो नळाखाली धरून जुन्या ब्रशनं घासला. हळूहळू ताई वर आली. चढलेला दात, बारीक फट, जोडलेल्या तुकड्यांच्या रेघा, सगळं जागच्या जागी. झडप मोकाट आपटत होतं, पण त्याच्याकडे बघायला त्यांना वेळ नव्हता.

मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तयार कवळी हातात घेतली, घासायचं यंत्र सुरू केलं, आणि आपणच लावलेले पुढचे सहा दात मुळापासून काढून टाकले. जागेवर मेण भरलं आणि साचा समोर ठेवून नवे दात बसवायला घेतले. हे वाटलं त्याहून जड गेलं. बोटांना सरळ लावायची सवय. वाकडा बसवलेला दात ती नकळत सरळ करून टाकत. सेटभाऊ स्वतःच्या हातावर चिडत, दात पुन्हा काढत, पुन्हा साच्याकडे बघत.

या वेळी ट्रायल डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत झाली. सेटभाऊ म्हणाले, "मी इथं उभा राहिलो तर चालेल ना?" बाई म्हणाल्या, "राहा की, जागा आहे." आणि ताईला म्हणाल्या, "बोला ताई. एकसष्टपासून."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." शिट्टी होती, पण बारीक झाली होती. बाईंनी कवळी काढली, दातांमागचं मेण जरासं खरवडलं, पुन्हा घातली. पुन्हा एकसष्ट. पुन्हा खरवडणं. सेटभाऊ भिंतीला टेकून ऐकत होते. आपण लावलेले दात माणसाच्या तोंडात आवाज करतात, ही गोष्ट त्यांना नवी होती. पासष्टला थोडं अडखळतं, सहासष्टला हवा सुटते, अडुसष्ट ठीक. त्यांचे ओठ ताईबरोबर हलत होते. कितव्या तरी फेरीत ताई मध्येच थांबली. तिची जीभ दातांमागे फिरली आणि कुठंतरी टेकली.

"हां," ती म्हणाली. "हा बघ, सापडला." आणि मग एका दमात, "सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट."

बाईंनी तिच्या हातात आरसा दिला. चढलेला दात परत आला होता. ताई त्याच्याकडे बघून हसली आणि तिचा हात तोंडावर गेला. सेटभाऊंना चुटपुट लागली.

"दिसायला आधीचेच बरे होते गं."

"असू दे," ताई हातामागून म्हणाली. "तिथं कुणाला दिसतंय?"

कवळी पक्की होऊन आली तेव्हा महिना संपत आला होता. मेट्रनबाईंनी ताईला एक सकाळ दिली. या सकाळी कसं होतं ते बघायचं आणि मग ऑर्डरचं ठरवायचं. सेटभाऊंनी लॅबला कुलूप घातलं आणि हॉलमध्ये एका बाकावर जाऊन बसले. हॉल भरला होता. शेजारी एक आजीबाई हातात आपला नंबर घट्ट धरून बसल्या होत्या. समोर एक माणूस वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. ती तरणी मुलगी खिडकीमागे खुर्ची सोडून उभी होती. माईक खरखरला. सेटभाऊंनी गुडघे आवळून धरले.

"नंबर सहासष्ट. खोली सात."

वर्तमानपत्रवाल्यानं घडी घातली, पिशवी उचलली आणि सातव्या खोलीकडे चालू लागला. मान वर करून कुणी खिडकीकडे बघितलं नाही. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

"नंबर सदुसष्ट. खोली चार."

एक बाई लेकराला काखेत मारून उठली. मग अडुसष्ट उठला, मग एकोणसत्तर. नंबर पुढे जात राहिले, माणसं उठत राहिली. मेट्रनबाई दाराशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग त्या तरण्या मुलीला हाताला धरून आपल्याबरोबर घेऊन गेल्या. बाक निम्मे रिकामे झाले तरी सेटभाऊ जागचे हलले नाहीत. शेवटी आजीबाईंना राहवेना.

"अहो, तुमचा नंबर कितवा?"

"माझं झालं," सेटभाऊ म्हणाले.

"मग बसलात कशाला?"

"ऐकतोय."